फिरऔनची मुंगी

आमच्या घरी साखरेचा डबा पाणी भरलेल्या ताटलीत उभा असतो. परळ-लालबागच्या जुन्या चाळींत यात नवे काही नाही. ज्या घरात लहान मुले आहेत त्या घरात ही ताटली असतेच. रमजानमध्ये मात्र ताटलीही पुरत नाही. असरनंतर इफ्तारसाठी खजूर काढून ठेवले की थोड्याच वेळात भिंतीच्या भेगेतून एक बारीक पिवळसर रांग निघते. या मुंग्या इतक्या लहान, की एकटी मुंगी नजरेला पडत नाही, रांग पडते. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. गोड तर त्यांना हवेच. पण सांडलेला खिम्याचा कण, भज्याचा तेलकट तुकडा, मेलेले झुरळ, काहीही चालते. नेमकी जात ठरवायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण पुस्तकात दिलेली सगळी लक्षणे आमच्या ओट्यावरच्या या पाहुणीला लागू पडतात.

शास्त्रज्ञांनी तिला जे नाव दिले आहे, ते ऐकून वाचकांना नवल वाटेल. स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी १७५८ साली इजिप्तमधल्या नमुन्यावरून तिचे नामकरण केले आणि तिला फिरऔनचे नाव दिले. आजही जगभर तिला ‘फॅरो अँट’ म्हणजे फिरऔनची मुंगी म्हणतात. इजिप्तवर आलेल्या अजाबांपैकी ही एक असावी, अशी तेव्हा समजूत होती असे सांगतात. पण सूरह आराफमध्ये फिरऔनच्या लोकांवर आलेल्या ज्या निशाण्या सांगितल्या आहेत, त्यांत तुफान, टोळ, उवा, बेडूक आणि रक्त आहे, मुंगी नाही. आणि मुळात ही मुंगी इजिप्तची नाहीच. तिचे मूळ घर उष्ण आशियात असावे, असा अभ्यासकांचा कल आहे. म्हणजे नाव फिरऔनचे, पत्ता कदाचित आपल्याच बाजूचा.

कुरआनमध्ये मुंगी येते ती दुसऱ्याच एका बादशहाच्या हकिकतीत. सूरह नम्ल, म्हणजे मुंगीची सूरह. हजरत सुलैमान (अ.स.) यांचे लष्कर, त्यात जिन्न, माणसे आणि पक्षी, मुंग्यांच्या खोऱ्याशी येते. तेव्हा एक मुंगी इतर मुंग्यांना सांगते की आपापल्या घरात शिरा, नाहीतर सुलैमान आणि त्यांचे लष्कर तुम्हाला नकळत चिरडून टाकेल. हे ऐकून हजरत सुलैमान (अ.स.) यांना हसू येते आणि ते अल्लाहकडे शुक्रगुजारीची आणि नेक अमलाची तौफीक मागतात.

वर्गात हा प्रसंग सांगताना आम्ही ‘नकळत’ या शब्दावर नेहमी थांबतो. त्या मुंगीने लष्करावर जुलमाचा आरोप केला नाही. हे लोक वाईट आहेत, असेही ती म्हणाली नाही. एवढेच म्हणाली की यांचे पाय मोठे आहेत आणि यांना कळणार नाही. माणसाच्या हातून या दुनियेत जे नुकसान होते, त्यातले किती तरी असेच नकळत होते. फिरऔनची मुंगी जगभर कशी पसरली, ही हकिकतही नकळत घडलेल्या गोष्टीचीच आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्या जमतात, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पुष्कळशा जातींच्या राण्या अशा उडून जाऊन नवे घर करतात. फिरऔनची मुंगी तसे करत नाही. तिच्या राणीला पंख असतात, पण ती उडून दूर जात नाही. एका वारुळात राण्याही अनेक असतात. काही राण्या, थोड्या कामकरी मुंग्या आणि तोंडात धरलेली अंडी-पिल्ले एवढा काफिला पायी निघतो आणि शेजारच्या भेगेत नवे बिऱ्हाड थाटतो. पायी किती लांब जाणार? एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. तरीही ती आज जवळजवळ सर्व खंडांत आहे, थंड मुलखातसुद्धा, जिथे घरे गरम ठेवतात. कारण एक बिऱ्हाड मावायला तिला खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी, कुंडीचा तळ किंवा गोणपाटाची शिवण पुरते. समुद्र तिने ओलांडला नाही, तो माणसाने तिला ओलांडून दिला. अशा रीतीने माणसाच्या सामानातून परक्या मुलखात जाऊन रुजलेल्या मुंग्यांच्या जाती आज दोनशेहून अधिक मोजल्या गेल्या आहेत.

मुंबईत राहणाऱ्याला हे समजायला कठीण नाही. हे शहरच बंदराने उभे केले. १८८० साली प्रिन्सेस डॉक उघडला, त्याच्या आधी आणि नंतरही इथून कापूस गेला, मसाला गेला, हाजींची जहाजे गेली. आणि तिकडून यंत्रे, खजूर, लाकूड, घोडे आले. त्याच काळात, १८८३ साली, मुंबईच्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपल्या इथले होते, आणि साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे इंग्रज होते. एटकिनसाहेब मुंबई सरकारच्या जकात आणि मीठ खात्यात नोकरीला. ते आपल्या बंगल्यातल्या मुंग्या, उंदीर, डास यांच्यावर मिस्कील लेख लिहीत. जकात अधिकारी मुंग्यांवर लिहितो, ही गोष्ट आम्हाला फार आवडते. कारण मालाबरोबर फुकट प्रवास करणाऱ्या या जिवावर कोणत्याच बंदरात कधी जकात बसली नाही. १८९२ साली याच सोसायटीच्या नियतकालिकात जंगल खात्याचे रॉटन यांनी ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली या प्रदेशातल्या मुंग्यांची ओळख करून दिली. १९०३ साली बिंगहॅम यांचा भारतातल्या मुंग्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. सोसायटीचे कार्यालय आज फोर्टात लायन गेटजवळ आहे.

‘आपल्या मुंग्या’ या शब्दांनी आम्हाला मुलांची एक जुनी समजूत आठवते. आमच्या लहानपणी मुले म्हणत, काळी मुंगी आपली, मुसलमान. ती चावत नाही. लाल मुंगी परकी, म्हणून चावते. पुढे कळले की शेजारच्या वस्तीतल्या मुलांतही हीच समजूत आहे, फक्त तिथे रंगांची वाटणी उलटी. आजही आमच्या वर्गातला एखादा मुलगा मधल्या सुट्टीत हे ठासून सांगतो.

मग आम्ही त्या दोघींचे खरे पत्ते सांगतो. मैदानात मातीचा ढीग करून राहणारी, झोंबणारा डंख मारणारी जी लाल मुंगी बिंगहॅम यांच्या ग्रंथातही नोंदलेली आहे, ती मूळची अमेरिका खंडातली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जगभरच्या नमुन्यांची आनुवंशिक तपासणी करून तिचा माग काढला गेला. १५६५ पासून मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून फिलिपीन्सच्या मनिला बंदराला स्पेनची चांदी घेऊन जहाजे जात. जहाज रिकामे असले की तोल राहावा म्हणून तळाशी माती-दगड भरत. त्या मातीतून ही मुंगी मनिलाला उतरली आणि तिथून आशियात पसरली. तर घरात वेड्यासारखी सैरावैरा धावणारी, लांब मिशांची काळी मुंगी मूळची जुन्या जगातली मानतात. तिचे नामकरण १८०२ साली सेनेगलच्या नमुन्यावरून झाले आणि आज ती साऱ्या उष्ण जगात आहे. मुले हसतात. चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती खलाशांनी आणलेली मुंगी आपण हिंदू-मुसलमानांत वाटून घेतली, यात हसण्यासारखे आहेच.

आता उलट दिशेची गोष्ट. मद्रासकडे फौजेत डॉक्टर असलेले थॉमस जर्डन यांनी १८५१ साली दक्षिण भारतातल्या एका लहान मुंगीला ‘विध्वंसक’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. ही मुंगी जहाजांतून ऑस्ट्रेलियात पोचली. तिथे ती विजेच्या तारांवरचे वेष्टण कुरतडते आणि घरांत, मोटारींत बिघाड करते. तिथले लोक तिला ‘सिंगापूर मुंगी’ म्हणतात. इजिप्तची नसलेली इजिप्तची, सिंगापूरची नसलेली सिंगापूरची. ज्याला जे गाव आधी दिसले, त्याने त्या गावावर ठपका ठेवला.

याचा अर्थ परक्या मुंगीने काही बिघडत नाही, असा मात्र नाही. हिंदी महासागरात ख्रिसमस नावाचे बेट आहे. ते ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहे आणि तिथे मलय मुसलमानांची वस्तीही आहे. दरवर्षी पावसाच्या सुरुवातीला लाखो लाल खेकडे जंगलातून समुद्राकडे निघतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे एक पिवळी, लांब पायांची मुंगी जहाजांतून पोचली. अनेक वर्षे ती गप्प होती. १९८९ मध्ये तिची अफाट मोठी वसाहत प्रथम दिसली. झाडांचा रस पिणारे खवले-कीटक गोड चिकट द्रव सोडतात. त्यावर ती पोसली गेली आणि वाटेत आलेल्या कोट्यवधी खेकड्यांना तिने आम्ल फवारून मारले. खेकडे गेले तसे जंगलातले पालापाचोळ्याचे, रोपांचे गणितच बदलले. शेवटी २०१६ मध्ये मलेशियातून एक सूक्ष्म गांधीलमाशी आणून सोडली गेली, जी मुंगीला नव्हे, त्या खवले-कीटकाला मारते. म्हणजे मुंगीचे अन्नच तोडले. याच पिवळ्या मुंगीने २०२२ मध्ये तामिळनाडूच्या दिंडीगल जिल्ह्यात करंतमलै डोंगराजवळच्या गावांना हैराण केले. गुरांच्या डोळ्यांपर्यंत ती पोचल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील.

दक्षिण अमेरिकेची एक लाल आगमुंगी अशीच गेल्या शतकात अमेरिकेच्या मोबील बंदरात उतरली. १९४२ साली आपल्या घराजवळच्या मोकळ्या जागेत तिची वारुळे टिपून ठेवणारा मुलगा तेरा वर्षांचा होता. पुढे तोच एडवर्ड विल्सन जगातला नामवंत मुंगीतज्ज्ञ झाला. ती मुंगी २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रिस्बेनला आणि २०२३ मध्ये इटलीच्या सिसिली बेटावर नोंदली गेली. विल्सनची गोष्ट आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो. मुलांनी पायाखाली पाहून चालावे, यासाठी.

या साऱ्यावरून आम्हाला एवढेच समजले की मुंगीला मापायचे ते तिच्या गावावरून नव्हे, तिच्या नुकसानीवरून. बाहेरून आलेल्या बहुतेक जाती कुणाला कळणारही नाही इतक्या मुकाट राहतात. आणि नुकसान करणारी मुंगीसुद्धा काही वैर घेऊन आलेली नसते. ती आपल्या खोक्यातून आली आणि खायला मिळाले तिथे राहिली.

हे सांगण्याचे कारण आहे. या विषयावरच्या मराठी लिखाणात ‘घुसखोर मुंगी’, ‘परकीयांचे आक्रमण’ असे शब्द सर्रास येतात. मुंगीला ते कळत नाहीत, तिचे काही बिघडत नाही. पण मुले ते शब्द उचलतात आणि ते शब्द मुंगीपाशी थांबत नाहीत. एकदा आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, “म्हणजे आपणही बाहेरूनच आलो का?” आम्ही फळ्यावर मुंबईचा नकाशा काढला. कोळी इथले. बाकी कोण कुठून आले, ते ज्याने त्याने घरी विचारून यायचे. दुसऱ्या दिवशी रत्नागिरी, महाड, कच्छ, आझमगड, सोलापूर अशी नावे आली. गिरण्यांसाठी कोकणातून बोटीने आलेले मराठे आणि उत्तरेतून रेल्वेने आलेले मोमीन विणकर एकाच भोंग्यावर उठत, हेही सांगितले. जीवशास्त्रातला शब्द जीवशास्त्रात ठेवावा. मुंगीच्या जाती वेगळ्या असतात. माणसांची जात एकच, आणि कौमे-कबिले केले ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून, अशी शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे.

आता पुन्हा आमच्या मजल्यावर येऊ. बारा खोल्या, मध्ये सामाईक भिंती. मागे एका खोलीत लग्न निघाले म्हणून औषध फवारून घेतले. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी दोन्ही बाजूंच्या खोल्यांत रांगा. शेजारच्या वहिनी दारात येऊन म्हणाल्या, “टीचर, तुमच्या मुंग्या आमच्याकडे आल्या.” आम्ही म्हणालो, “वहिनी, आम्हाला तर वाटले तुमच्या आमच्याकडे आल्या.” खरे पाहता त्या कुणाच्याच नव्हत्या. फिरऔनच्या मुंगीवर तीव्र वासाचे औषध फवारले की मरतात त्या फक्त बाहेर फिरणाऱ्या. आतले वारूळ धोका ओळखून फुटते आणि एकेका राणीबरोबर एकेक टोळी निराळ्या भेगेत जाते. एका बिऱ्हाडाची चार होतात. म्हणून चाळीत एका घराचा फवारा हा साऱ्या मजल्याचा प्रश्न असतो.

हा त्रास केवळ साखरेपुरता नाही. ओलावा आणि खाणे शोधत ही मुंगी जखमेच्या पट्टीपर्यंत जाते. १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडच्या इस्पितळांतली पाहणी आली होती; तिथे या मुंग्यांच्या अंगावर रोगजंतू सापडले. घरात तान्हे बाळ, आजारी माणूस किंवा मधुमेहाची जखम असेल तर हे ध्यानात ठेवावे.

उपाय चाळीत आधीच होता, कॅरमच्या डब्यात. कॅरम घसरावा म्हणून वापरतात ती बोरिक पावडर. अर्धा लिटर पाण्यात दहा चहाचे चमचे साखर आणि सपाट एक चमचा बोरिक पावडर विरघळवायची. या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा बाटलीच्या झाकणात घालून रांगेच्या वाटेवर ठेवायचा. औषध मुद्दाम इतके सौम्य, की कामकरी मुंगी वाटेत मरत नाही. ती ते पोटात घेऊन घरी जाते आणि राण्यांना, पिल्लांना भरवते. दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो, बोळा वाळला की बदलावा लागतो आणि तेवढ्या दिवसांत कुणीही फवारा मारायचा नाही. झाकण लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे आणि उरलेल्या पाण्याच्या बाटलीवर ठळक चिठ्ठी लावावी. हे पोटात जाण्याचे पाणी नव्हे. आमच्या मजल्यावर बाराही खोल्यांनी एकाच दिवशी झाकणे ठेवली. शेजाऱ्याच्या हक्काची ताकीद हजरत जिब्रील (अ.स.) यांनी इतक्या वेळा दिली, की शेजाऱ्याला वारसाच ठरवतील असे प्रेषितांना (स.) वाटू लागले, ही हदीस आपण सर्व जाणतो. शेजाऱ्याचा हक्क अशा बारीक गोष्टींतही असतो.

कुणी विचारेल, मुंगी मारणे जायज आहे का? अबू दाऊदमध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि खाटीक पक्षी यांना मारण्याची मनाई आहे. बुखारी आणि मुस्लिममध्ये एका नबींची हकिकत आहे. त्यांना एक मुंगी चावली, त्यांनी सारे वारूळच जाळवले. तेव्हा अल्लाहने विचारले की एकीने चावा घेतला म्हणून तस्बीह करणारी एक संपूर्ण उम्मत जाळलीस? आगीने शिक्षा देण्याचा हक्क आगीच्या मालकाचाच, अशी तंबीही मुंग्यांच्या जळालेल्या वारुळावरूनच सहाबांना मिळाली. उलमा सांगतात की ज्या मुंग्यांपासून खरोखर इजा आहे आणि दुसऱ्या मार्गाने ती टळत नाही, त्यांना दूर करणे, मारणेही चालते. पण विनाकारण मारू नये आणि जाळू नये. म्हणून गॅसच्या ज्योतीने किंवा उकळत्या पाण्याने वारूळ संपवण्याची जी सवय काही घरांत आहे, ती सोडावी. मारण्यापूर्वी करण्यासारखे पुष्कळ असते: दस्तरखान लगेच झाडणे, खरकटे रात्रभर न ठेवणे, भेगा सिमेंटने बुजवणे, खजुराचा डबा घट्ट लावणे. मैदानातली मुंगी मैदानात असू द्यावी. तिथे ती माती भुसभुशीत करते, मेलेले किडे उचलते.

आणि जे नकळत होते, ते थोडे कळत करावे. देशाच्या पातळीवर त्याचे नियम आहेत. २००३ च्या आदेशानुसार परदेशी रोपांची बंदरावर तपासणी होते. मालाची लाकडी खोकी ५६ अंशांवर किमान ३० मिनिटे तापवून त्यांवर शिक्का मारतात. पण दादरच्या बाजारातून आपण तुळस, मोगरा किंवा पुदिन्याची कुंडी घेतो, गावाहून आंब्याची पेटी येते, आखातातून भाईजानचे खोके येते, त्यावर शिक्का कोण मारणार? तो आपणच मारायचा. कुंडी घरात घेण्याआधी तळ पाहावा, एक दिवस बाहेर ठेवावी. पुठ्ठ्याचे खोके गच्चीत उघडावे. गावी जाताना मुंबईचे खोके तसेच नेऊ नये. तिथल्या वाडीत, आमराईत जी मुंगी नाही ती आपल्या हातून पोचू नये.

खोऱ्यातल्या त्या एका मुंगीला आपल्या कौमेची फिकीर होती, म्हणून तिने हाक दिली. हजरत सुलैमान (अ.स.) यांच्याकडे एवढी मोठी बादशाही असून त्यांनी ती हाक ऐकली आणि शुक्र अदा केला. आपल्याला मुंगीची भाषा येत नाही. पण आपले सामान उघडून पाहणे, शेजाऱ्याला विचारून औषध ठेवणे आणि मुलांना जिवांची नावे नीट सांगणे एवढे आपल्या हाती आहे. अल्लाह आपल्या सर्वांना त्याची तौफीक देवो. आमीन.